पुढल्या चाकाचा आंस

उल्हास नदीचा पूर बदलापुरास नवा नाहीं. सन २०१९ च्या २७ जुलैस महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पाण्यांत अडकून पडली, हें पुष्कळांस स्मरत असेल. असें पाणी ओसरलें म्हणजे लोक घर धुतात, मोटारसायकल पुसतात, इंजिनांतील तेलहि बदलतात. पुढल्या चाकाच्या तुंब्यांत शिरलेलें पाणी मात्र तसेंच राहतें. आंतील ग्रीस बिघडतें, बेअरिंगें गंजतात, आणि मग कल्याण-बदलापूर रस्त्यावरील एखाद्या खड्ड्यानंतर हँडल थरथरूं लागतें.

अशा वेळीं गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढलें चाक अधांतरीं करावें. चाक वर व खालीं धरून आडवें हलवितांना खुटखुट लागली, तर संशय बेअरिंगांचा. फॉर्कचे दोन्ही पाय धरून पुढें-मागें ओढतांना लागली, तर दोष वर कोनसेटमध्यें आहे. चाक खोलण्याचें कारण नाहीं.

नट अधिक आवळला कीं खुटखुट जाते, असा एक समज आहे. तो घातक होय. दोन बेअरिंगांच्या मध्यें एक पोकळ नळी असते, आणि बाहेरच्या बाजूस स्पेसर असतात. कित्येक कारागीर त्यांस नुसतें बुश म्हणतात. आंस आवळल्यावर सारा दाब या नळीनें व बुशांनीं पेलावयाचा असतो. नळी विसरली, किंवा झिजून आंखूड झाली, कीं तोच दाब बेअरिंगांवर आडवा पडतो. नट ढिला असतांना चाक मोकळें फिरतें व आवळतांच जड होतें, ही त्याची खूण. डावें-उजवें बुश अदलाबदल झालें तर चाक एका अंगास सरकतें आणि डिस्क कॅलिपरला घासते. पुष्कळदां पंक्चर काढणाऱ्याच्या घाईंत हें बुश रस्त्यावरच राहून जातें! खोलतांना भाग ज्या क्रमानें निघाले त्याच क्रमानें कापडावर मांडून ठेवावे. आंस वांकला आहे कीं काय, हें सपाट कांचेवर लोळवून कळतें.

ड्रम ब्रेकच्या गाडीस आणखी एक दक्षता हवी. ब्रेकच्या झांकणाची खांच फॉर्कवरील उंचवट्यांत नीट बसली पाहिजे. ती चुकली तर ब्रेक दाबतांच झांकण चाकाबरोबर फिरूं पाहतें, आणि चाक एकाएकीं जाम होऊन स्वार पुढें फेंकला जातो. म्हणून चाक बसविल्यावर पहिला ब्रेक गल्लींतच, पायीं चालण्याच्या वेगानें, लावून पाहावा.