नोंदीमागचा माणूस
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितले, की तुम्ही आयुष्यभर कॉम्प्युटरच्या खात्यात साहेब होतात, त्यावर दोन शब्द बोला. आता आमच्या खात्याचं काम काय, हे माझ्या आईलासुद्धा शेवटपर्यंत कळलं नाही. ती शेजारणींना सांगायची, "पोरगा मशीन दुरुस्त करतो." मी हसायचो. परंतु आज निवृत्तीनंतर मागे वळून पाहताना वाटते, मशीन हा या कामाचा लहान भाग आहे. मोठा भाग म्हणजे लोकांनी विश्वासाने आपल्याकडे दिलेल्या नोंदी सांभाळणे. हे मी तीन ठिकाणी शिकलो, आणि तिन्ही ठिकाणी चुका करून शिकलो.

पहिली नोकरी एका सेवाभावी संस्थेत. सन १९९४. वस्त्यांमध्ये बालवाड्या आणि बायकांची बचत मंडळे चालायची. कुण्या कंपनीने वापरून झालेला एक कॉम्प्युटर देणगी दिला होता. पगार बेताचा, खोली पत्र्याची. आठ वस्त्यांतल्या बायकांच्या बचतीचा आणि कर्जाचा हिशोब मी त्या मशीनवर चढवला. दर शनिवारी त्याची नक्कल फ्लॉपीवर काढून कपाटात ठेवायचो. मोठा अभिमान होता मला त्याचा.

जुलै महिन्यात लाइट गेली, आली, पुन्हा गेली, आणि हार्ड डिस्क बसली. मी शांत होतो, नक्कल आहे ना! फ्लॉप्या काढल्या. पहिली चालली, दुसरी चालली, तिसरीला पावसाळ्याच्या ओलीने बुरशी धरलेली. हिशोब सगळ्या फ्लॉप्यांवर मिळून होता. मधली एक गेली म्हणजे पुढचं सगळं गेलं. मी दर शनिवारी नक्कल काढत होतो, पण ती परत मशीनवर चढते का, हे एकदाही करून पाहिले नव्हते.

त्या रात्री मला झोप आली नाही. एकेका बाईने दिवसाचे दोन-दोन रुपये वाचवून ठेवलेले. आम्हाला वाचवले ते त्यांच्याच हातातल्या छोट्या पुस्तकांनी. प्रत्येकीकडे तारीख घालून, सही केलेलं पुस्तक होतं. आम्ही वस्तीवस्तीत चटई टाकून बसलो आणि सगळा हिशोब नव्याने लिहिला. एक मावशी म्हणाल्या, "मास्तर, मशीनला लिहू द्या, पण पुस्तक आमच्याकडंच राहू द्या." हे वाक्य मला कुठल्याही कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.

पुढे एका कॉलेजात लागलो. तिथली गोष्टच वेगळी. संस्थेत पैसा नव्हता, पण एकाने सांगितलं की सगळे ऐकायचे. कॉलेजात प्रत्येक विभाग स्वतंत्र, प्रत्येक प्राध्यापक विद्वान. हुकूम कुणाला करायचा? समजावत बसावं लागायचं. त्यात मराठीची अडचण. त्या काळी प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरचा फॉन्ट वेगळा. एका मशीनवर टाइप केलेलं नाव दुसऱ्यावर उघडलं की चिन्हांची खिचडी दिसायची. युनिकोड हे सर्व लिप्यांसाठीचं एकच प्रमाण १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं होतं आणि त्यात देवनागरी होती, तरी आपल्यासारख्यांच्या टेबलापर्यंत ते यायला विंडोज २००० उजाडावं लागलं. तोवर नोंदी इंग्रजीतच.

तिथे माझी दुसरी चूक झाली. एका मुलीचं आडनाव कांबळे. शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी स्पेलिंग एक, आमच्या कॉम्प्युटरमध्ये एक 'ए' जास्त. तेवढ्यावरून तिची भारत सरकारची शिष्यवृत्ती अडकली. तिची आई चार टेबलं फिरून माझ्याकडे आली. "साहेब, आज चौथा खाडा झाला माझा. एका अक्षराला किती दिवस लागतात?" मी म्हणालो, "ताई, यादी लॉक झाली आहे, नियम आहे." आणि बोलताबोलता माझ्याच लक्षात आलं, की हा नियम कुणी केला? मीच. यादी लॉक करायची सोय मी बसवली, चूक दुरुस्त करायची सोय बसवायला मी विसरलो. कारकुनाने एक अक्षर चुकवले होते, मी तर दरवाजाच बंद करून टाकला होता.

त्या वर्षापासून आम्ही साधी पद्धत केली. यादी पक्की करण्याआधी प्रत्येक मुलाच्या हातात त्याच्या नोंदीचा कागद द्यायचा. त्याने वाचून सही करायची. दुरुस्तीसाठी एकच टेबल, आणि आठवड्यातून दोन दिवस ते संध्याकाळी सातपर्यंत उघडं, म्हणजे आईबापांचा खाडा होऊ नये. मशीन तेच, प्रोग्राम जवळजवळ तोच. तक्रारी मात्र निम्म्याहून कमी झाल्या.

सन १९९९ मध्ये मी कंपनीत गेलो. पैसा होता, माणसं होती, नियमांची जाड वही होती. तेव्हा सगळ्या जगाला दोन हजार सालाची धास्ती. जुन्या प्रोग्राममध्ये जागा वाचवायला सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले. ९९ नंतर ०० आलं की मशीनला ते १९०० वाटणार. पगार, व्याज, निवृत्तीची तारीख, सगळं उलटंपालटं. आम्ही महिनोन्‌महिने एकेक ओळ तपासली. एकतीस डिसेंबरची रात्र ऑफिसात काढली. सकाळी काहीच बिघडलं नाही. लोक म्हणाले, उगाच बाऊ केला! बंधूंनो, आमच्या कामाचं असंच असतं. काम नीट झालं की ते दिसत नाही.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा हल्ला जगभर झाला. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागायचा. इंग्लंडमधली सरकारी इस्पितळंसुद्धा अडली. विंडोजमधली ती फट बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. आमच्याकडे एका विभागाने "महिनाअखेर आहे, मशीन बंद ठेवता येणार नाही" असं सांगितलं. मीही आग्रह धरला नाही. त्यांची मशीनं सापडली. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं परत चढलं. कारण १९९४ पासून मी एक नेम सोडला नव्हता. दर महिन्याला नक्कल नुसती काढायची नाही, ती परत चढवून पाहायची. कंपनीला खंडणी द्यावी लागली नाही, ती त्या बुरशी धरलेल्या फ्लॉपीमुळे!

आता हे सगळं तुम्हाला का सांगतो? तर आज आपली प्रत्येकाची नोंद कुठल्या ना कुठल्या मशीनमध्ये आहे. रेशन, आधार, जातीचा दाखला, वैधता, बँक. म्हणून तीन गोष्टी करा. मुलांचा कुठलाही फॉर्म भरला की पक्का करण्याआधी छापील प्रत घ्या आणि नाव अक्षर-अक्षर दाखल्याशी ताडून पाहा. कागदांची नक्कल दोन जागी ठेवा, त्यातली एक घराबाहेर, नातेवाइकाकडे. आणि चूक दिसली तर "साहेब रागावतील" म्हणून गप्प बसू नका. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यात आपली माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क लिहिलेला आहे.

समितीलाही एक प्रेमाची सूचना. आपल्या वर्गणीची यादी एकाच कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये आहे, असं मला कळलं. तो मोबाइल नाल्यात पडला तर? वही चालू ठेवा.

तरुण मित्रांनो, या क्षेत्रात या. प्रोग्राम लिहिणाराच लागतो असं नाही. नेटवर्क सांभाळणारा लागतो, नोंदी सांभाळणारा लागतो, अडलेल्याचं ऐकून घेणारा लागतो. मोठ्या खुर्चीवर बसाल तेव्हा एवढंच करा. यादी लॉक करण्याआधी खिडकीपलीकडे कोण उभं आहे, ते पाहा.

पुढच्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा मी आपल्या अभ्यासिकेत बसणार आहे. दहावी-बारावीच्या मुलांनी दाखले घेऊन यावे, आपण मिळून नावं तपासू. चष्मा मी आणतो, कागद तुम्ही आणा.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. जयभीम!