उतारवयातील तोल
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय ‘तोल’ असा जाहीर होताच काहींनी तो जमाखर्चाचा तोल असावा असा तर्क केला. तो सांभाळण्यास आपले खजिनदार समर्थ आहेत. आम्हांस बोलावयाचे आहे ते उभ्या माणसाच्या तोलाविषयी.

घरातील वडीलधारे एकदा पडले, की हाड मोडो वा न मोडो, घरात नवा कायदा सुरू होतो: “तुम्ही बसून राहा, हवे ते आम्ही हातात आणून देतो.” यामागील माया खरी, परंतु परिणाम उलटा होतो. बसून राहिल्याने मांड्यापोटऱ्यांचे बळ ओसरते, बळ ओसरल्याने भीती वाढते, आणि भीतीपोटी माणूस पुन्हा बसतो. पुढील पडण्याची तयारी त्या खुर्चीतच चाललेली असते.

डोळे, अंतःकर्ण आणि तळपाय-सांध्यांतील संवेदना या तिघांकडून येणाऱ्या वार्तांवर मेंदू तोल राखतो. वयोमानाने तिन्ही मंदावतात. मधुमेहाने तळपाय बधिर झालेला मनुष्य रात्री दिवा न लावता मोरीकडे निघाला, म्हणजे तिघांपैकी दोघांची साथ सुटलीच म्हणावयाची.

तथापि तोल हा शिकविता येतो. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात 1990 नंतरच्या दशकात वृद्धांकरिता घरच्या घरी करावयाचा व्यायामक्रम तयार झाला: आठवड्यातून 3 वेळा पायांचे बळ व तोल यांचे प्रकार, आणि जोडीस चालणे. 2019 साली कॉक्रेन संस्थेने शंभरांहून अधिक चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटते असे दिसले. नुसत्या चालण्याविषयी मात्र तसे सिद्ध झालेले नाही. सकाळी नेमाने बागेत जाणाऱ्या मंडळींनी आमच्यावर रागावू नये.

प्रकार साधे आहेत. स्वयंपाकाचा ओटा धरून एका पावलाच्या अंगठ्यास दुसऱ्या पावलाची टाच लावून 10 सेकंद उभे राहावे. ते जमले की एका पायावर. हात न टेकता खुर्चीतून उठावे. पुढे ओटा मुठीने धरण्याऐवजी नुसती बोटे टेकवावीत, मग एकच बोट. जे सहज साधते त्याने तोल सुधारत नाही. थोडे डगमगणे हवेच, म्हणून जवळ कोणी तरी उभे असावे. चक्कर येत असेल, अथवा झोपेची वा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांस विचारावे.

सभागृहाच्या भिंतीलगत काही भक्कम खुर्च्या मांडविल्या आहेत. सत्तरी ओलांडलेल्यांनी आपल्या सुनेस वा नातवास बरोबर घेऊन तेथे यावे. चहा येईपर्यंत एकेक प्रकार करून पाहू.