गळ्यातील गाठ आणि ध्वनीचे चित्र



अकोल्या-अमरावतीकडे गाठ म्हटले की आधी कापसाची गाठ डोळ्यांपुढे येते. माझा जन्म जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत गेला. तेव्हा या माणसाला गळ्यातल्या गाठीचे काय कळते, असे तुम्ही म्हणाल. डॉक्टर मी नव्हे. आजारी कामगारांचे कागद वाचता वाचता जे शिकलो, तेवढे सांगतो.

सोनोग्राफी म्हटले की आपल्याला गर्भवती आठवते, आणि गर्भलिंगनिदान येथे होत नाही ही पाटी. त्यासाठी देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला. असो. तेच यंत्र गळ्यावर ठेवले तर थायरॉईड ग्रंथी दिसते. कानाला ऐकू न येणारा ध्वनी आत जातो, त्याचा प्रतिध्वनी परत येतो आणि त्यावरून पडद्यावर चित्र उमटते. क्ष-किरणांचा त्यात संबंध नाही.

चित्रात डॉक्टर काय पाहतो? गाठ पाण्याची की भरीव, कडा साफ की वेड्यावाकड्या, रुंदीपेक्षा उंची अधिक काय, आत चुन्याचे बारीक कण आहेत काय. नुसती पाण्याची गाठ बहुधा निरुपद्रवी. फार संशयाची गाठ १ सेंटिमीटरची झाली की सुईने पेशी काढून तपासतात. संशय थोडा असेल तर २.५ सेंटिमीटरपर्यंत थांबतात. रुई पारखायला कोणी सबंध गाठ फोडत नाही, मूठभर ओढून बघतात, तसेच हे.

आता माझ्या कळकळीचा मुद्दा. १० पैकी सुमारे ९ गाठी कर्करोगाच्या नसतातच. दक्षिण कोरियात धडधाकट माणसांचे गळे स्वस्तात तपासू लागले. २०११ साली तेथे या कर्करोगाचे निदान १९९३ च्या १५ पट झाले. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले! सापडलेल्यांपैकी बहुतेकांवर शस्त्रक्रिया झाल्या. ग्रंथी सबंध काढली की रोजची गोळी जन्मभराची, शिवाय आवाजाची नस दुखावण्याचे भय. सरकीच्या धुळीत कमावलेली मजुरी अशी का जावी? शिबिरात कोणी सहज म्हणाले, गळाही बघून घ्या, तर विचारा, कशासाठी?

म्हणून गाठ लपवू मात्र नका. हाताला लागणारी किंवा वाढणारी गाठ, बसलेला आवाज, गिळताना अडथळा, घरात कोणाला हा रोग, यांपैकी काही असेल तर खाडा पडला तरी चालेल, दवाखाना गाठा. सोबत रक्ताची टीएसएच तपासणी होते, तीही करून घ्या. माप किती, संशय किती, सुई लागेल काय, हे विचारल्याशिवाय उठू नका. अहवालाचा कागद जपून ठेवा. पुढल्या खेपेला गाठ वाढली की नाही, हे त्याच्याशीच ताडून पाहतात.