हातच्या कलेचे दाम



"घरची कला आणि कमाई" हा विषय मला दिला आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली, भाषणाची सवय नाही. बारा वर्षे लग्नाची रुखवते आणि रांगोळ्या करते आहे, तेवढ्यावरूनच बोलते.

हाताला वळण असले की काम येते. टिकत मात्र नाही, कारण पैसे मागायला जीभ रेटत नाही. "तुला काय गं, तासाभराचे काम!" तासाभरात रांगोळी काढण्याइतका हात बसायला किती वर्षे गेली, ते कोणी धरत नाही. आणि असे म्हणणारी परकी नसते बरे का, बहुधा आपल्यातलीच असते.

आता मी काम ठरले की निम्मे पैसे इसार म्हणून आधीच घेते. सामानाचा खर्च वेगळा, मजुरी वेगळी. कोणत्या वस्तू, किती, कोणत्या तारखेला, बाकी कधी, हे सारे वहीत लिहून खाली सही घेते. पहिल्यांदा एकीने नाक मुरडले. पण पुढे धाकटीच्या लग्नालाही तीच आली.

ही रीत काही मी काढलेली नाही. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची मंडळी येऊन जत्रेची सुपारी तिथे ठरवतात. नावे ठेवणाऱ्यांनी ठेवावीत, पण व्यवहार त्यांच्याकडून शिकावा.

तरी नुसती सुपारी पुरत नाही. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव मिळाला. एवढी थोर कलावंतीण, पण २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचे बिल लोकांनी दिलेल्या पैशांतून भागले. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

आपलाही धंदा हंगामी. चातुर्मासात लग्ने नाहीत, मग रुखवत कोण मागणार? म्हणून लग्नसराईतल्या कमाईचा चौथा हिस्सा मी घरखर्चात घालत नाही. पोस्टात पाच वर्षांची आवर्ती ठेव महिना शंभर रुपयांपासून काढता येते. तीही स्वतःच्या नावाने काढावी, यजमानांच्या नव्हे. (यजमान समोरच बसले आहेत, त्यांना हे ठाऊक आहे.)

आता मंडळाला एक विनंती. आपल्या हळदीकुंकवाला रांगोळी काढणारी आणि भजनाला पेटी वाजवणारी, दोघींना आजवर नारळ आणि खण देत आलो. यंदा त्यांची बिदागी आधी ठरवावी आणि इतिवृत्तात लिहावी. माझी वही टेबलावर ठेवली आहे, कोणाला नमुना उतरून घ्यायचा असेल तर घ्यावा.