जर्मन विद्यार्थ्यांची तरवार आणि आपली फरी



जर्मन विद्यार्थ्यांच्या तरवारबाजीविषयीं बार्शीसारख्या गांवांतील एका निवृत्त शिक्षकानें बोलावें, याचें कोणास नवल वाटेल. परंतु ज्याचें आयुष्य मुलांच्या संगतींत गेलें, त्याला दुसऱ्या देशांत मुलांच्या धैर्याची परीक्षा कशी घेतात, हें जाणून घेण्याची हौस असावयाचीच.

जर्मनींतील विद्यापीठांत 'कोर' आणि 'बुर्शेनशाफ्ट' या नांवांचे विद्यार्थी-संघ फार दिवसांचे आहेत. पहिली बुर्शेनशाफ्ट 1815 सालीं येना येथें स्थापन झाली. नेपोलियनशीं लढून परतलेले तरुण तींत होते, आणि लहानमोठ्या संस्थानांत विभागलेला आपला देश एक व्हावा, ही त्यांची आकांक्षा होती. 'कोर' अधिक जुने, आणि पुढें बड्या घरांतील मुलांचे म्हणून नांवाजलेले. संघाची टोपी निराळी, छातीवरील रंगीत फीत निराळी आणि बहुधा स्वतःचें घरहि असावयाचें. नव्या मुलाला 'फुक्स' म्हणजे कोल्हा म्हणतात. शिक्षण संपलें तरी नातें संपत नाहीं. मोठ्या हुद्द्यांवर गेलेले जुने सभासद घराचा खर्च चालवितात आणि धाकट्यांना हात देतात. बिस्मार्क ग्यॉटिंगेनच्या एका कोरचा सभासद होता, कैसर दुसरा विल्हेल्म बॉनच्या.

आतां मुख्य गोष्ट. कित्येक संघांत 'मेन्सूर' खेळल्यावांचून कोणी पुरा सभासद होत नाहीं. मेन्सूर म्हणजे मापलेलें अंतर. दोन निरनिराळ्या संघांतील दोन विद्यार्थी त्या अंतरावर समोरासमोर उभे राहतात. डोळ्यांवर लोखंडी चष्मा, गळ्याभोंवतीं जाड पट्टा, छातीला व हाताला भक्कम आच्छादन. गाल, कपाळ आणि डोकें मात्र उघडें. हातांत धारदार तरवार. पाय हलवावयाचा नाहीं, मागें सरावयाचें नाहीं, मान वळवावयाची नाहीं. हलावयाचा तो केवळ हात. डॉक्टर जवळच उभा असतो. यांत भांडण नसतें, आणि आश्चर्य असें कीं, जयपराजयहि नसतो. जो वार खातो तो हरला, असें कोणी म्हणत नाहीं. जो वार येतांना डोकें मागें घेतो, तो मात्र नापास.

गालावरील व्रणाला 'श्मिस' म्हणतात. एके काळीं त्या समाजांत तो पदवीच्या कागदाइतकाच मोलाचा मानीत. पुढें समाजशास्त्रज्ञ म्हणून विख्यात झालेला माक्स वेबर विद्यार्थिदशेंत असा व्रण मिरवीत घरीं आला, तेव्हां आईनें त्याच्या थोबाडींत दिली. मला ती माउली फार शहाणी वाटते.

कायद्याची या खेळाशीं लपाछपीच चालली. 1883 सालीं वरिष्ठ न्यायालयानें त्याला द्वंद्वयुद्ध ठरवून शिक्षेस पात्र केलें. हिटलरनें 1933 सालीं त्याला मोकळीक दिली, आणि दोन-तीन वर्षांतच ते संघच मोडून टाकले. पक्षावांचून दुसरी निष्ठा त्याला खपणारी नव्हती. युद्धानंतर संघ पुन्हां उभे राहिले, आणि 1953 सालीं पश्चिम जर्मनीच्या न्यायालयानें संमतीनें व संरक्षक साधनांसह खेळलेली मेन्सूर गुन्हा नव्हे असा निर्णय दिला. कांहीं संघांत ती आजहि चालते.

आतां आपल्याकडे वळूं. आपला पट्टा म्हणजे कोपरापर्यंत लोखंडी मूठ आणि पुढें लांब, लवचीक, सरळ पातें. तें शस्त्र नवख्याच्या हातीं कोण देईल? म्हणून तालमींत फरीगदगा असे. फरी ही कातड्याची लहान ढाल, गदगा ही कातड्यानें मढविलेली छडी. वस्ताद प्रथम पावित्रे शिकवी. पुढें कधीं यावें, बगल कशी द्यावी, अंगावर आलेला वार फरीवर कसा घ्यावा, हेंच पहिलें शिक्षण. जर्मन मुलानें पाय रोवून वार सोसावयाचा. आपल्या मुलानें पाय चालवून तो चुकवावयाचा. ज्या विद्येंत रक्त सांडणें ही शिष्याची चूक समजतात, तिला मी अधिक मान देतों.

परंतु जर्मनांना हंसण्यापूर्वीं आपण आपल्या मिरवणुकी पाहाव्या. 2024 सालीं महाराष्ट्र शासनानें दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, ही आनंदाची गोष्ट झाली. मात्र मिरवणुकींत पट्टा फिरतो तो बहुधा एकट्याचा. निजलेल्या मुलाच्या पोटावर लिंबू ठेवून तें कापलें कीं टाळ्या पडतात. हात सफाईदार असतो, यांत शंका नाहीं. पण लिंबाला उलट वार करतां येत नाहीं! जर्मन विद्यार्थ्यांनीं समोरचा माणूस तरी ठेवला आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक 1936 सालीं ऑलिंपिकच्या वेळीं बर्लिनला गेलें आणि तेथें त्यानें हुतूतूसह देशी खेळ दाखविले. हुतूतू तेथें पोंचला याचें मला विशेष वाटतें. त्या खेळांत समोरचा गडी असतो.

आमच्या भागांतील तालमींच्या चालकांना माझी विनंती आहे. पट्टा खुशाल फिरवावा. पण रोज घटकाभर तरी मुलांच्या जोड्या लावून फरीगदगा खेळवावा. मुलाला लागेल म्हणून एखादी आई तक्रार घेऊन आली, तर तिला बसवून घ्यावें आणि ती फरी तिच्या हातीं देऊन पाहूं द्यावी.