संगणकावरची आपली अक्षरे



संकेतस्थळे तयार करणे हा माझा व्यवसाय. त्यातली एकच गोष्ट सांगते; कारण मंडळाचा जमाखर्च आणि आजीबाईंच्या ओव्या आता संगणकावर उतरावयाच्या आहेत.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. पूर्वीच्या पुष्कळ मराठी टंकांत इंग्रजी अक्षराच्या आकड्यावर मराठी अक्षराचे नुसते चित्र बसविलेले असे. तो टंक ज्या यंत्रावर नाही, तेथे ओवीचा इंग्रजी पाचोळा होई. १९९१ साली युनिकोड आले. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा आहे: 'क'चा २३२५, आपल्या 'ळ'चा २३५५. यंत्र बदलले तरी 'ळ' तो 'ळ'च राहतो.

तेव्हा लिहावे ते युनिकोडमध्येच. जुन्या टंकातले लिखाण वेळीच पालटून घ्यावे. मूळ वह्या मात्र टाकू नयेत. पालटलेले नीट वाचावे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत फरक एका 'र'चा. पण चुकला तर गुरुजींची दक्षिणा स्वयंपाक्याला जायची!

लिंबागणेशची लेक कोठेही नांदो, आईची ओवी तिला वाचता यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.