गारगोट्यांची सुट्टी

मे महिन्यात भाचा सिन्नरला आला की पहिला हट्ट गारगोट्या वेचायचा. मामानेही मग खुशाल पिशवी घेऊन निघावं! इथला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपून स्फटिक जमले. माळेगाव एमआयडीसीतलं गारगोटी संग्रहालय अशाच स्फटिकांचं. पण खरी गंमत घरी. खोलीत मिट्ट काळोख करा, दोन पांढऱ्या गारगोट्या एकमेकींवर जोरात घासा. घासल्या जागी फिकट उजेड लुकलुकतो, जळकट वासही येतो. ही आग नव्हे. घर्षणातून उमटणारा प्रकाश. बादलीतल्या पाण्यातही दिसतो. कपची उडते, म्हणून चष्मा मात्र दोघांनीही लावा.